यवनांचे निरामिष व्रत

लखनौच्या चौकातून झवाई टोल्याकडे वळले, की दवाखान्यांच्या पाट्यांवर एक शब्द पुनःपुन्हा दिसू लागतो : 'यूनानी'. हा आपल्या 'यवन' शब्दाचा सख्खा भाऊ होय. दोन्ही शब्द आयोनिया या ग्रीक प्रदेशाच्या नावावरून आलेले. १९०२ साली हकीम अब्दुल अझीझ यांनी येथे तकमील-उत्-तिब ही वैद्यकशाळा स्थापन केली, आणि हिपॉक्रिटीस व गेलेन या ग्रीक वैद्यांची परंपरा गोमतीच्या काठी स्थिरावली. या हकिमी औषधांत 'तिर्याक' नावाचा एक वर्ग आहे. हेही नाव मूळचे ग्रीक. प्राचीन रोममध्ये तिर्याक हा विषावरचा उतारा म्हणून देत आणि त्यात सापाचे मांस घालीत. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात रोममध्ये प्लोटायनस हा थोर तत्त्ववेत्ता राहत असे. त्याची प्रकृती नाजूक होती. तरीही असली औषधे घेण्यास त्याने साफ नकार दिला. जेथे माणसाळलेल्या पशूंचे मांससुद्धा आपणास वर्ज्य, तेथे रानटी जीवांचे कसे चालेल, असे तो म्हणे.

हा प्रसंग प्रथम वाचनात आला तेव्हा आम्हांस नवल वाटले. ग्रीक म्हटला की होमरच्या काव्यातील बैल भाजणारे योद्धे डोळ्यांपुढे उभे राहतात. निरामिष अन्नाचे व्रत ही आपण आपल्याच देशाची मिरास समजतो. परंतु पायथागोरसपासून पॉर्फिरीपर्यंत सुमारे आठशे वर्षे ग्रीक विचारवंतांत या प्रश्नावर वाद चालू होता, आणि तो आपल्याकडील वादापेक्षा एका महत्त्वाच्या बाबतीत निराळा होता.

ती बाब कोणती, हे लखनौच्या जेवणाच्या मेजावरच सांगता येईल. येथे नेमणूक होऊन आलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्या महिन्याभरातच कोणीतरी अगत्याने दावतीला बोलावतो. यजमान कबाबांची रकाबी पुढे करतो. आपल्यापैकी जो शाकाहारी असतो तो संकोचून म्हणतो, "माफ करा, आमच्यात चालत नाही." जो मासळी-मटणावर वाढलेला असतो तो तितक्याच सहजतेने म्हणतो, "आमच्यात चालते." दोन्ही उत्तरांत 'आमच्यात' आहे, 'मी' नाही, आणि कारणही नाही. यजमानही अधिक विचारीत नाही, कारण त्याच्या दृष्टीनेही हा जातीकुळाचा प्रश्न असतो. ग्रीसमध्ये या उत्तराची सोय नव्हती. मांस न खाणारी अशी जन्मसिद्ध जात तेथे नव्हती. जो नकार देई त्याला कारण सांगावे लागे. त्या कारणांची ही कथा आहे.

प्रथम त्या नकाराची किंमत ध्यानात घेतली पाहिजे. ग्रीक नगरराज्यात सामान्य माणसाचे पोट जवाच्या भाकरीवर, ऑलिव्हवर, अंजिरांवर आणि कडधान्यांवर भरे. मांस वाट्याला येई ते बहुधा देवाच्या बळीचे. हेसिअडच्या काव्यात प्रोमीथियसने बळीची वाटणी करून दिल्याची कथा आहे : हाडे व चरबी देवांना, मांस माणसांना. सणाच्या दिवशी नगराच्या वेदीवर पशू कापला जाई आणि त्याचे वाटे नागरिकांत वाटले जात. तो वाटा स्वीकारणे हे नागरिकत्वाचेच एक लक्षण होते. त्यामुळे जो मांस नाकारी तो केवळ एक पदार्थ नाकारीत नसे. देवांचा प्रसाद आणि शेजाऱ्यांची पंगत ही दोन्ही तो नाकारी.

हे धाडस करणारा पहिला प्रसिद्ध पुरुष पायथागोरस. काटकोन त्रिकोणाच्या सिद्धान्तामुळे आपण त्याला शाळेपासून ओळखतो. सामोस बेटावर इ. स. पू. ५७० च्या सुमारास तो जन्मला आणि इ. स. पू. ५३० च्या सुमारास दक्षिण इटलीतील क्रोटोन नगरात जाऊन त्याने शिष्यांचा एक संघ उभारला. त्याने स्वतः काही लिहून ठेवले नाही. परंतु आत्मा एका देहातून दुसऱ्या देहात जातो हे त्याचे मत त्याच्या हयातीतच गाजले होते, कारण झेनोफनीस या समकालीन कवीने त्याची थट्टा केलेली आहे. कोणी एक कुत्र्याच्या पिलाला मारीत असता पायथागोरसाने त्यास थांबविले. त्या केकाटण्यात त्याला म्हणे एका मृत मित्राचा आवाज ओळखू आला! थट्टेतूनही युक्तिवाद स्पष्ट होतो. पशूच्या देहात आपलाच आप्त असेल, तर सुरी कोणाच्या गळ्यावर चालवावयाची?

मात्र गुरुजींच्या ताटाविषयी एकवाक्यता नाही. इ. स. पू. चौथ्या शतकातील ॲरिस्टॉक्सिनस सांगतो, की पायथागोरस कोवळी डुकरे व करडे खात असे. नांगराचा बैल आणि मेंढा एवढेच तो वर्ज्य मानी. उलटपक्षी, त्याच शतकातील अथेन्सच्या नाटककारांनी फाटक्या वस्त्रांत हिंडणाऱ्या, पाला खाणाऱ्या पायथागोरसपंथीयांवर यथेच्छ विनोद केले. पंथात घेवड्याच्या जातीच्या शेंगाही निषिद्ध होत्या, आणि त्या का, याची अर्धा डझन कारणे जुन्या ग्रंथांतून आढळतात. चातुर्मासात वांगे का खाऊ नये असे घरी विचारले असता जी उत्तरे मिळतात, त्यांची येथे आठवण व्हावी. निषेध टिकतो आणि कारण हरवते, हा अनुभव ग्रीकांनाही नवा नव्हता. तरी पायथागोरसाचे नाव या आहाराला कायमचे चिकटले. एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत शाकाहाराला स्वतंत्र शब्द रूढ होईपर्यंत युरोपात त्याला 'पायथागोरसाचा आहार' असेच म्हणत.

त्याच्या नंतरच्या शतकात सिसिलीतील एम्पिडोक्लीस याने हा विचार अधिक भेदक केला. त्याच्या काव्यात एक पिता देवाची प्रार्थना करीत बळी देतो आहे. रूप पालटून आलेला तो पशू आपलाच पुत्र आहे हे त्याला ठाऊक नाही. एम्पिडोक्लीसाविषयी अशीही आख्यायिका आहे, की ऑलिंपियाच्या उत्सवात त्याने खऱ्या बैलाऐवजी मध व जवाच्या पिठाचा बैल करून अर्पण केला. मराठी वाचकाला येथे पिष्टपशूची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. तेराव्या शतकातील मध्वाचार्यांच्या परंपरेने यज्ञात सजीव पशूच्या जागी पिठाचा पशू मान्य केला. जैनांनी तर यापुढे एक पाऊल टाकले होते. सोमदेवाच्या 'यशस्तिलक' या इ. स. ९५९ मधील ग्रंथात यशोधर राजाची कथा आहे : पिठाच्या कोंबड्याचा बळी दिल्याबद्दलही त्याला अनेक जन्म दुःख भोगावे लागले, कारण हिंसा हाताने झाली नसली तरी मनाने झालीच होती. हजारो कोसांच्या अंतरावर माणसे एकाच पेचात सापडली होती : देव सोडवत नाही आणि सुरीही धरवत नाही.

पुनर्जन्म न मानणाऱ्यांनीही या वादात भाग घेतला, हे ग्रीकांचे वैशिष्ट्य. प्लेटोच्या 'रिपब्लिक' ग्रंथात सॉक्रेटिस आदर्श नगराचे प्रथम जे चित्र रेखाटतो, त्यातील नागरिक भाकरी, मीठ, ऑलिव्ह, चीज, अंजीर व हरभरे यांवर सुखाने जगतात. संवादातील ग्लॉकन त्याची टर उडवून म्हणतो, की हे तर डुकरांचे नगर झाले. मग सॉक्रेटिस त्या नगरात चैनीच्या वस्तू येऊ देतो, मांसासाठी जनावरे येऊ देतो. आणि लगेच दाखवितो, की आता वैद्य अधिक लागतील, चराऊ रान अपुरे पडेल, आणि शेजाऱ्याची जमीन घेण्यासाठी युद्ध करावे लागेल. धान्य आणि कुरण यांचा हा हिशेब जमीन-महसुलाची कागदपत्रे चाळणाऱ्यांना सहज पटावा.

प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल याने मात्र उलट निकाल दिला : वनस्पती पशूंसाठी, पशू मनुष्यासाठी. पुढे स्टोइक पंथाने त्यावर कळस चढविला. पशूंना बुद्धी नाही, म्हणून न्यायाचा प्रश्न त्यांच्या बाबतीत उद्भवतच नाही. डुकराला प्राण दिला आहे तो मांस नासू नये म्हणून मिठासारखा, असे क्रिसिपसाचे मत सांगतात. परंतु ॲरिस्टॉटलच्याच गादीवर बसलेल्या थिओफ्रास्टसाने गुरूचे मत स्वीकारले नाही. पशूंची शरीरे, वासना आणि वेदना आपल्यासारख्याच आहेत, म्हणून ते आपले सगोत्र आहेत, असे त्याने प्रतिपादले. शिवाय दुसऱ्याची वस्तू हिरावून ती देवाला वाहणे ही भक्ती नव्हे, आणि प्राणाइतकी स्वतःची वस्तू दुसरी कोणती असणार?

येथे प्रत्येक भारतीय वाचकाच्या मनात एक शंका उभी राहते : हे सारे त्यांनी आपल्यापासूनच घेतले नसेल काय? पायथागोरस भारतात येऊन गेला असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. ही इच्छा स्वाभाविक आहे, पण पुरावा तसा नाही. पुनर्जन्माची कल्पना ग्रीकांनी इजिप्तकडून घेतली असे हिरोडोटस म्हणतो. तेही आज कोणी मान्य करीत नाही. त्याच हिरोडोटसाने, कोणत्याही जीवाला न मारणाऱ्या आणि पाल्यावर जगणाऱ्या भारतीय लोकांचा उल्लेख केला आहे. परंतु त्यांचा पायथागोरसाशी संबंध त्याने जोडलेला नाही. पायथागोरसाचे ज्ञान भारतातून आले अशी कल्पना ठळकपणे मांडली ती तिसऱ्या शतकाच्या प्रारंभी फिलॉस्ट्रेटसने, म्हणजे पायथागोरसानंतर सुमारे सातशे वर्षांनी. दोन समाजांनी एकच प्रश्न स्वतंत्रपणे विचारला असणे शक्य आहे, आणि त्यात आपला काही कमीपणा नाही.

दोन्ही परंपरांची खरी गाठ पडली ती इ. स. पू. ३२६ मध्ये, तक्षशिलेच्या बाहेर. अलेक्झांडरने ओनेसिक्रिटस नावाच्या आपल्या तत्त्वज्ञ अधिकाऱ्याला तेथील नग्न तपस्व्यांकडे पाठविले. संभाषण एकामागून एक अशा तीन दुभाष्यांतून चालले होते; चिखलातून निर्मळ पाणी वाहावे अशी अपेक्षा धरण्यासारखेच हे आहे, असे मंदनिस नामक वृद्ध तपस्वी म्हणाला. तुमच्याकडे असे काही शिकवितात काय, या त्याच्या प्रश्नावर ओनेसिक्रिटसाने पायथागोरसाचे नाव घेतले : तो सजीवांच्या मांसापासून दूर राहावयास सांगत असे. मंदनिसाचे उत्तर स्ट्रेबोने नोंदविले आहे. तुमचे लोक बाकी सुज्ञ दिसतात, पण एका बाबतीत चुकतात. ते रूढीला निसर्गाहून वरचे स्थान देतात. त्याचा रोख ग्रीकांच्या वस्त्रांवर होता. पुढे त्याच्या देशबांधवांवरही तो किती अचूक लागू पडणार होता, याची त्याला कल्पना नसावी.

त्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी ही गाठ दगडावर कोरली गेली. १९५८ साली अफगाणिस्तानात जुन्या कंदाहारजवळ अशोकाचा एक शिलालेख सापडला. तो ग्रीक व अरमाइक अशा दोन भाषांत आहे. राज्याभिषेकानंतर दहा वर्षे पूर्ण झाल्याचा त्यात उल्लेख असल्याने तो इ. स. पू. २५८ च्या सुमाराचा ठरतो. राजा सजीवांपासून विरत झाला आहे, इतर लोकही झाले आहेत, आणि राजाच्या पारध्यांनी व कोळ्यांनी शिकार सोडली आहे, असा त्याच्या ग्रीक भागाचा आशय आहे. 'सजीव' या अर्थी तेथे 'एम्प्सुखा' हा शब्द आहे, म्हणजे ज्यांत आत्मा आहे ते. पायथागोरसाच्या पंथाचे व्रत ग्रीक भाषेत याच शब्दांत सांगत, आणि पाचशे वर्षांनी पॉर्फिरीने आपल्या ग्रंथाच्या नावातही तेच शब्द योजले. पाटलिपुत्राच्या आज्ञेचे ग्रीक करणाऱ्या त्या अनामिक लेखकाला नवा शब्द घडवावा लागला नाही. त्याच्या भाषेतील तत्त्वज्ञांनी तो आधीच तयार ठेवला होता.

या आज्ञेचे आपल्या परिचयाचे अवशेषही आहेत. एके काळी लखनौच्या सचिवालयाच्या कक्षेत असलेले, २००० सालापासून उत्तराखंडात गेलेले डेहराडूनजवळचे कालसी घ्या. तेथील पहिल्या लेखात अशोक प्रांजळपणे सांगतो, की पूर्वी राजाच्या मुदपाकखान्यात लक्षावधी प्राणी मारले जात. आता दोन मोर व एक हरिण एवढेच मारतात, हरिणही नेहमी नाही, आणि पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. राजाज्ञेत स्वतःच्या स्वयंपाकघराची उणीव कबूल करणारा राज्यकर्ता विरळाच. आपल्या कोकणात, वसईजवळच्या सोपाऱ्यास, १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना आठव्या लेखाचा तुकडा सापडला. पूर्वीच्या राजांच्या मृगयेच्या सहली बंद करून अशोकाने धर्मयात्रा सुरू केल्या, हा त्या लेखाचा विषय. पुढील काळात कार्ल्याच्या चैत्यातील स्तंभांवर दाते म्हणून धेनुकाकटच्या यवनांची नावे कोरली गेली. त्याआधी यवनांनी साकेताला वेढा दिल्याचे उदाहरण पतंजलीने व्याकरण शिकविताना दिले होते. ते साकेत म्हणजे लखनौपासून सुमारे १३० किलोमीटरवरची अयोध्या. वेढा घालणारे यवन आणि विहाराला स्तंभ देणारे यवन, अशी दोन्ही चित्रे आपल्या भूमीने पाहिली.

खुद्द ग्रीक-रोमन जगात मात्र हे व्रत एकाकीच राहिले. पहिल्या शतकात सेनेका तरुणपणी सोशन नामक गुरूच्या उपदेशाने वर्षभर निरामिष राहिला. मन अधिक चपळ झाल्यासारखे त्याला वाटले. परंतु टायबीरियस बादशहाच्या कारकिर्दीत परकीय पंथांवर सरकारची वक्रदृष्टी झाली, विशिष्ट मांस न खाणे हे त्या पंथांचे लक्षण समजले जाऊ लागले, आणि वडिलांच्या सांगण्यावरून त्याने व्रत सोडले. पुढे तो मोठ्या अधिकारपदाला चढला. नोकरीपायी सवयी बदलाव्या लागलेल्या आपल्या वाचकांना त्याच्याविषयी सहानुभूतीच वाटेल. त्यानंतर प्लूटार्कने प्रश्नाची बाजूच उलटविली. पायथागोरसाने मांस का सोडले हे काय विचारता? मेलेल्या देहाला ज्याने प्रथम तोंड लावले, त्याच्या मनात काय आले असेल ते विचारा! मांस हे मनुष्याचे नैसर्गिक अन्न असेल, तर सुरी व विस्तव बाजूला ठेवून लांडग्यासारखे स्वतःच्या दातांनी मारून खाऊन दाखवा, असे त्याचे आव्हान होते.

या परंपरेचा शेवटचा मोठा ग्रंथ प्लोटायनसाचा शिष्य पॉर्फिरी याचा. त्याचे निमित्त घरगुती आहे. फर्मस कॅस्ट्रिशियस या त्याच्या मित्राने निरामिष व्रत सोडून पुन्हा मांस खाण्यास प्रारंभ केला. ही बातमी ऐकून पॉर्फिरीने त्याला वाळीत टाकले नाही, प्रायश्चित्तही सांगितले नाही. त्याने त्याच्यासाठी चार भागांचा ग्रंथ लिहिला. विरुद्ध पक्षाचे मुद्दे प्रथम सविस्तर मांडले, मग एकेकाला उत्तर दिले. पशूंना बुद्धी व भाषा असते हे सांगताना कार्थेजमध्ये आपण पाळलेल्या, आपल्या हाकेला निराळा सूर काढून उत्तर देणाऱ्या तित्तिर पक्ष्याचा दाखलाही त्याने दिला. मात्र हा उपदेश सर्वांसाठी नाही, असे तो आरंभीच बजावतो. कारागीर, मल्ल, सैनिक, खलाशी, वक्ते आणि व्यवहारात गढलेले लोक त्याने वगळले. आपण कोण, कोठून आलो, कोठे जावयाचे, याचा जो विचार करतो त्याच्यासाठी हे लेखन आहे. म्हणजे दप्तर सांभाळणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याने मोकळे सोडले आहे. सुटका म्हणावी की उपेक्षा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

याच ग्रंथाच्या चौथ्या भागात भारताचे वर्णन येते. ते त्याने एडेसाच्या बार्डेसनीस या लेखकाकडून घेतले, आणि बार्डेसनीसला ते रोमकडे निघालेल्या भारतीय वकिलातीकडून कळले होते. भारतात दोन प्रकारचे ज्ञानी निरामिष राहतात, असे पॉर्फिरी लिहितो. ब्राह्मण एकाच वंशातले. त्यांना ते ज्ञान वारसाने मिळते. श्रमण मात्र कोणत्याही कुळातून येतात; ते मुंडण करतात, घरदार सोडतात, घंटा वाजली की एकत्र बसून भात, भाकरी, फळे व भाज्या खातात. एकाला व्रत जन्माने मिळते, दुसरा ते निवडतो. दूरच्या त्या परदेशस्थाने आपल्या समाजाच्या मर्मावरच बोट ठेवले होते.

पुढील इतिहास या दोन वाटांचाच आहे. ग्रीसमध्ये व्रत निवडीवर उभे होते. तत्त्वज्ञांच्या शाळा मिटल्या तसे तेही मिटले, आणि मागे युक्तिवाद उरले. भारतात व्रताला कुळ, जात, पंगत आणि सोवळे यांचा आधार मिळाला, म्हणून ते लक्षावधी घरांत टिकले. हा लाभ लहान नाही. केवळ पुस्तके वाचून एवढ्या माणसांनी सुरी खाली ठेवली नसती. पण या आधाराची किंमतही पडली. जी गोष्ट जीवदयेची होती ती प्रतिष्ठेची झाली. पशूविषयी करुणा बाळगणाऱ्या पंगतीने शेजारच्या माणसाला दूर बसविले, आणि मांस खाणाऱ्या शेजाऱ्याच्या मनात आपल्या व्रताविषयी आदराऐवजी अढी उत्पन्न केली. थिओफ्रास्टसच्या दृष्टीने सारे जीव सगोत्र होते. आपण गोत्राचाच उपयोग ताटे वेगळी मांडण्यासाठी केला.

परगावी वाढणारी आपली मुले हा प्रश्न आता स्पष्टपणे विचारू लागली आहेत. लखनौतल्या शाळेत त्यांचा डबा मित्रांच्या डब्याशेजारी उघडतो. घरी आल्यावर ती विचारतात, "आपण का खात नाही?" किंवा तितक्याच हक्काने, "आपण का खातो?" 'आमच्यात' हे उत्तर त्यांना पुरत नाही, आणि पुरू नये हेच बरे. दोन्ही बाजूंनी बोलता येण्याइतके साहित्य ग्रीकांनी मागे ठेवले आहे. जे कुटुंब मांस खात नाही त्याने प्लूटार्कप्रमाणे कारण सांगावे. जे खाते त्याने ॲरिस्टॉटलप्रमाणे आपली बाजू मांडावी. आणि मूल दुसऱ्या बाजूला गेले, तर पॉर्फिरीने मित्राशी जसे वागावे तसे त्याच्याशी वागावे.

पुढच्या दावतीत रकाबी समोर आली, की आम्ही नम्रपणे "मी खात नाही" एवढेच म्हणणार आहोत. यजमानाने कारण विचारलेच, तर पलीकडच्या गल्लीतील यूनानी दवाखान्यापासून आरंभ करता येईल.